आदिवासी सैनिकाची जमीन : भिल्ल पलटणीपासून वनपट्ट्यापर्यंत

जळगाव (प्रतिनिधी) : धरणगाव हे नाव मराठी वाचकाला बालकवींचे जन्मगाव म्हणून परिचित आहे. मात्र याच गावाची आणखी एक ओळख आता विस्मरणात गेली आहे. १८२५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने खान्देशात भिल्लांची जी पलटण उभारली, तिचे ठाणे धरणगावी होते. सरकारने आदिवासीच्या हाती शस्त्र दिले, त्याच्या भाईबंदांना नांगर आणि जमीन देऊ केली आणि त्या बदल्यात मुलखाची शांतता मिळवली. या घटनेला २०२५ मध्ये दोनशे वर्षे पूर्ण झाली.

सरकारी सेवेत शस्त्र हाती धरणाऱ्या आदिवासीचा जमिनीवर हक्क कोणता, हा प्रश्न त्या दिवसापासून खान्देशात आहे. त्याचे स्वरूप बदलले, कायदे बदलले, जिल्ह्यांची नावेही बदलली. आज चोपडा, यावल, रावेर, शिरपूर किंवा साक्री तालुक्यातील एखादा भिल्ल, पावरा, तडवी अथवा कोकणा तरुण लष्करात सेवा करून घरी परततो, तेव्हा 'सैनिकाला सरकार जमीन देते' हे वाक्य त्याने अनेकदा ऐकलेले असते. ते वाक्य पूर्ण खोटे नाही, पण पूर्ण खरेही नाही. कायदा त्याला सैनिक म्हणून प्राधान्य देतो आणि आदिवासी म्हणून संरक्षण देतो. हक्क मात्र तो फक्त एकाच ठिकाणी देतो, आणि तेथे सैनिकी सेवेचा उल्लेखही नाही. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे अर्जदाराची अनेक वर्षे वाया जाऊ शकतात.

पलटण आणि वसाहत

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाला आणि खान्देश कंपनीच्या ताब्यात आला. सातपुडा, सातमाळा आणि अजिंठ्याच्या डोंगरांतील भिल्ल नाईकांनी नव्या सत्तेला सहजासहजी मान तुकवली नाही. घाटवाटांची राखण आणि गावांची जागल यांबद्दल त्यांना परंपरेने हक्क मिळत असत. मराठेशाहीच्या अखेरच्या धामधुमीत ते हक्क विस्कळीत झाले होते. प्रारंभीची काही वर्षे कंपनीने फौजेच्या बळावर बंदोबस्त करून पाहिला. डोंगरांतील हवामान आणि तापाने शिपाई बेजार झाले. बंड मात्र शमले नाही.

१८२५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत धोरण बदलले. खान्देशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन करण्यात आल्या. वायव्येकडील एजन्सीचे ठाणे कुकरमुंडा, ईशान्येकडील एजन्सीचे धरणगाव आणि दक्षिणेकडील एजन्सीचे कन्नड येथे होते. यांपैकी कुकरमुंडा आज गुजरातेत, तर कन्नड छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. धरणगावी पलटण उभारण्याचे काम लेफ्टनंट जेम्स आउट्रॅम या तरुण अधिकाऱ्याकडे आले. पुढे १८५७ च्या युद्धात लखनौमुळे प्रसिद्धीस आलेला हाच तो आउट्रॅम. डोंगरात जाऊन, भिल्लांसोबत शिकार करून त्याने त्यांचा विश्वास मिळवला आणि मोजक्या माणसांपासून प्रारंभ करून काही वर्षांतच कित्येक शेकड्यांची पलटण उभी केली.

या धोरणाचे दोन भाग होते, हे येथे महत्त्वाचे. शस्त्र धरू इच्छिणाऱ्याला पलटणीत पगारी नोकरी देण्यात आली. जो शेती करण्यास तयार होता, त्याला गुन्ह्यांची माफी, पडीक जमीन, बी-बियाणे व बैलांसाठी तगाई आणि प्रारंभीच्या काळात साऱ्याची सूट मिळाली. म्हणजे शिपायाच्या वाट्याला पगार आणि वसाहत करणाऱ्याच्या वाट्याला जमीन अशी विभागणी होती. जमीन हे सेवेचे बक्षीस नव्हते, ते बंदोबस्ताचे साधन होते. साधनाची गरज संपली की त्याची निगा राखण्याचे कारणही संपते. पुढील शंभर वर्षांत नेमके तेच घडले.

पलटणीने सरकारची चाकरी चोख बजावली. १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी सातपुड्यात बंड उभारले, तेव्हा ते मोडून काढण्याच्या मोहिमेत भिल्ल शिपाईही होते. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे झालेल्या लढाईत दोन्ही बाजूंना भिल्लच उभे होते. खुद्द खाज्या नाईक पूर्वी सेंधवा घाटाच्या राखणीवर सरकारी चाकरीत होता, ही गोष्ट बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पलटण पोलिस दलात विलीन झाली. राजस्थानात मेवाड भिल्ल कोअर हे नाव तेथील पोलिस दलात टिकून राहिले. खान्देशात तसे काही उरले नाही.

जमीन हातची का गेली?

वसाहतीत दिलेली जमीन भिल्लांच्या हाती फार काळ टिकली नाही. याचे एक कारण जमीन-मोजणीच्या नव्या व्यवस्थेत सापडते. मुंबई इलाख्यात मोजणी होऊन सारा ठरला आणि खातेदाराचा कब्जा वारसाहक्काने जाणारा व विकता येणारा झाला. १८६५ च्या मोजणी कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. ज्याच्या गाठीशी भांडवल आहे त्याच्यासाठी हा हक्क होता. ज्याला पेरणीच्या वेळी बियाणे आणि पावसाळ्यात धान्य उसने घ्यावे लागते, त्याच्यासाठी विकता येणारी जमीन म्हणजे गहाण पडणारी जमीन ठरली. सावकाराच्या वहीत नाव चढले की शेत सुटण्याची शक्यता थोडीच असे. दुसरीकडे १८७८ च्या वनकायद्याने डोंगरातील राने राखीव होत गेली आणि फिरत्या शेतीचा आधारही तुटला. कालचा जमीनधारक भिल्ल स्वतःच्याच शेतात सालदार म्हणून राबू लागला.

सरकारला हा धोका उमगला नव्हता असे नाही. १९०१ मध्ये मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करून काही जमिनी परवानगीवाचून विकता येणार नाहीत अशा शर्तीवर देण्याची तरतूद केली. या विधेयकाला कडाडून विरोध झाला. फिरोजशहा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कायदे कौन्सिलातून सभात्याग केला. शेतकऱ्याचा मालकी हक्क सरकार हिरावून घेते, हा आक्षेप होता. पुढे 'नवी शर्त' या नावाने जी संज्ञा सातबाराच्या उताऱ्यावर रूढ झाली, तिची मुळे या वादात आहेत. जमीन विकण्याची मुभा हा हक्क की विकता न येणे हे संरक्षण, हा वाद आजही मिटलेला नाही.

गावकीच्या जागल्या भिल्लांकडे असलेल्या वतनी जमिनींचे प्रकरण याहून वेगळे. मुंबई कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन अधिनियम, १९५८ अन्वये ही वतने खालसा झाली. कब्जेहक्काची रक्कम भरल्यावर जमीन वतनदाराला पुन्हा देण्याची तरतूद त्यात होती. ज्याने ती रक्कम भरली नाही, त्याचा कब्जा कागदोपत्री अनधिकृत ठरला. पिढ्यान्‌पिढ्या गावाची राखण करणाऱ्या घराण्यांपैकी कोणाची जमीन राहिली, कोणाची गेली, याचे उत्तर आजही जुन्या फेरफार नोंदींतच शोधावे लागते.

शहाद्याचा धडा

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वी शहादा, तळोदा, अक्कलकुवा हे तालुके धुळ्यातच होते. शहादा परिसरात १९७१-७२ मध्ये अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली आदिवासींनी गेलेल्या जमिनींचा प्रश्न ऐरणीवर आणला. मे १९७१ मधील पाटीलवाडीच्या गोळीबाराने महाराष्ट्र हादरला. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला. पुढे श्रमिक संघटनेने हा लढा चालवला.

या असंतोषाची दखल विधिमंडळाला घ्यावी लागली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ समाविष्ट झाले. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा भाडेपट्ट्याने जाण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी अनिवार्य झाली. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा वा गहाण वगळता अन्य व्यवहारांना राज्य शासनाचीही पूर्वमान्यता लागते. त्याचबरोबर महाराष्ट्र अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याबाबतचा अधिनियम, १९७४ संमत झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ धारकाला परत देण्याची सोय त्यात होती. खान्देशच्या इतिहासात आदिवासीला जमिनीबाबत जे काही ठोस मिळाले, ते पलटणीतील सेवेमुळे मिळालेले नाही. ते चळवळीमुळे मिळाले.

माजी सैनिकाला कायदा काय देतो?

आता सैनिक म्हणून असलेल्या तरतुदी पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल (सरकारी जमिनीची विल्हेवाट लावणे) नियम, १९७१ हे या विषयातील मूळ नियम होत. सरकारी शेतजमीन वाटताना कोणाचा विचार आधी करावा, याचा प्राधान्यक्रम त्यात आहे. त्यात सशस्त्र दलांतील आजी-माजी सैनिक आहेत, मागासवर्गीय आहेत आणि भूमिहीनही आहेत. आदिवासी माजी सैनिक एकाहून अधिक गटांत बसतो. तथापि दोन गटांत बसल्याने दुप्पट हक्क निर्माण होत नाही. प्राधान्याचा अर्थ इतकाच की वाटपासाठी जमीन निघाली, तर त्याचा अर्ज आधी विचारात घ्यावा. जमीनच निघाली नाही, तर प्राधान्य कागदावर राहते.

नेमकी अडचण येथेच आहे. गावोगावची बहुतांश मोकळी सरकारी जमीन गायरान म्हणून नोंदलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सार्वजनिक जमिनींबाबत कठोर निकाल दिला. त्याच वर्षी राज्य शासनानेही गायरान जमिनींच्या वाटपावर कडक निर्बंध आणले. सार्वजनिक हिताच्या दृष्टीने निकाल योग्यच होता, पण वाटपयोग्य जमिनीचा साठा त्यामुळे आणखी आटला. कमाल जमीनधारणा कायद्याखालील अतिरिक्त जमिनींचे मोठे वाटपही मागील पिढीतच होऊन गेले.

हुतात्मा सैनिकांच्या कुटुंबीयांसाठी जून २०१८ मध्ये स्वतंत्र निर्णय झाला. कर्तव्यावर वीरमरण आलेल्या सैनिकाच्या पत्नीस किंवा कायदेशीर वारसास दोन हेक्टर शेतजमीन देण्याची ती तरतूद आहे. सेवा पूर्ण करून सुखरूप परतलेल्या सैनिकास ती लागू नाही.

जमीनदार सैनिक आणि भूमिहीन सैनिक

कुळकायद्याशी तुलना केली म्हणजे विसंगती स्पष्ट होते. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ मध्ये १९६४ च्या दुरुस्तीने एक स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. लष्करात असलेल्या किंवा असून गेलेल्या जमीनमालकाला स्वतः कसण्यासाठी कुळाकडून जमीन परत मिळवण्याचा अधिकार त्याने दिला. सीमेवर असल्यामुळे सैनिकाला शेत कसता येत नाही, त्याची शिक्षा त्याला होऊ नये, हा त्यामागील न्याय्य विचार होता.

परंतु ज्याच्याकडे आधीच जमीन आहे, त्या सैनिकाला कायद्याने मागण्याचा अधिकार दिला आणि ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला केवळ रांगेत पुढची जागा दिली. खान्देशातील आदिवासी सैनिक प्रायः दुसऱ्या वर्गातील असतो. त्याला निवृत्तीच्या पैशातून जमीन विकत घ्यावी म्हटले, तर त्याच कायद्याचे कलम ६३ आडवे येते. शेतकरी किंवा शेतमजूर नसलेल्या व्यक्तीस परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. वडिलांच्या नावे सातबारा नाही आणि स्वतःची उमेदीची वर्षे छावणीत गेली, अशा माणसाने आपण शेतकरी असल्याचा पुरावा आणायचा कोठून?

वनहक्क : एकमेव खरा हक्क

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६ हा ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांसाठी हा कायदा निर्णायक ठरला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर, चार हेक्टरच्या मर्यादेत, आदिवासी कुटुंबाचा हक्क तो मान्य करतो. येथे सरकार जमीन 'देत' नाही. असलेला हक्क मान्य करते. पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असतो, वारसाने जातो, पण विकता येत नाही. १९०१ चा जुना वाद येथे नव्या रूपात भेटतो.

या कायद्यात सैनिकाचा उल्लेख नाही. उलट एक पेच आहे. दावेदार प्रामुख्याने वनक्षेत्रात राहणारा आणि उपजीविकेसाठी त्यावर अवलंबून असणारा हवा, अशी अट आहे. लष्करात नोकरी करणारा माणूस या व्याख्येत बसतो का, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. त्यावर उत्तर हेच की शेत एकट्याचे नसते. तो सीमेवर असताना आई-वडील, पत्नी, भाऊ ते कसत असतात. कुटुंबाचा कब्जा आणि कुटुंबाची उपजीविका हा दाव्याचा पाया असावा. म्हणून दावा सैनिकाने एकट्याच्या नावे करण्याऐवजी प्रत्यक्ष कसणाऱ्या कुटुंबीयाच्या नावे केला गेला, तर तो अधिक भक्कम ठरतो.

या दाव्यांची वाट सोपी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी फेटाळलेल्या दावेदारांना वनजमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला होता. देशभर खळबळ माजल्यावर २८ फेब्रुवारीस त्या आदेशाला स्थगिती मिळाली. त्याआधी नोव्हेंबर २०१८ मध्ये लोकसंघर्ष मोर्चाच्या नेतृत्वाखाली खान्देशातील आदिवासी शेतकरी ठाण्याहून मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत चालत गेले होते. प्रलंबित वनहक्क दावे ही त्यांच्या मागण्यांमधील प्रमुख मागणी होती.

जगात इतरत्र

सैनिकाच्या जमिनीचा आणि मूळ निवासींचा प्रश्न एकट्या खान्देशाचा नाही. पंजाबात इंग्रजांनी कालव्याखालील नव्या वसाहतींमध्ये निवृत्त सैनिकांना जमिनी दिल्या, पण त्या लष्करभरतीसाठी निवडलेल्या जातींना. कॅनडात पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांच्या वसाहतींसाठी मूळ निवासींच्या राखीव क्षेत्रांतील सुमारे ८५ हजार एकर जमीन घेण्यात आली आणि ती बहुतांशी गोऱ्या सैनिकांकडे गेली. ऑस्ट्रेलियातही युद्धावरून परतलेले आदिवासी सैनिक अशा योजनांतून बहुधा वगळलेच गेले.

अमेरिकेतील अलास्काचे उदाहरण मात्र वेगळे आहे. तेथे १९०६ च्या कायद्याने मूळ निवासीस १६० एकरांपर्यंत जमीन मिळू शकत होती. डिसेंबर १९७१ मध्ये ही तरतूद रद्द झाली, तेव्हा अनेक तरुण व्हिएतनाम युद्धाच्या काळातील लष्करी सेवेत होते. देशसेवेमुळे अर्ज हुकला, हा अन्याय मान्य करून २०१९ मध्ये संसदेने खास त्यांच्यासाठी कायदा केला आणि २०२० च्या अखेरीस अर्जांसाठी पाच वर्षांची मुदत खुली झाली. सेवेतील अनुपस्थितीमुळे जमिनीचा हक्क बुडू नये, हे तत्त्व तेथे कायद्यात आले. आपल्याकडे ते १९६४ मध्ये जमीनदार सैनिकापुरते मान्य झाले. वनहक्काच्या दावेदार सैनिकास ते अद्याप लागू झालेले नाही.

अर्जदाराने काय पाहावे?

सरकारी जमिनीसाठी अर्ज करण्यापूर्वी आपल्या गावात वाटपयोग्य जमीन आहे का, याची तलाठी व तहसील कार्यालयात गट क्रमांकासह खात्री करून घ्यावी. गायरान, वन आणि अन्य प्रयोजनासाठी राखून ठेवलेला गट मागितल्यास अर्ज तेथेच अडतो. डिस्चार्ज बुक, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे माजी सैनिक ओळखपत्र, जातवैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा व भूमिहीन असल्याचा दाखला ही कागदपत्रे सोबत असावीत. जळगाव व धुळे या दोन्ही ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालये आहेत.

जमीन मिळालीच तर ती भोगवटादार वर्ग २ ची असते. परवानगीवाचून विकल्यास ती सरकारजमा होऊ शकते. धारक आदिवासी असल्यास कलम ३६-अ चे बंधनही त्यावर असते. बँक किंवा सहकारी संस्थेकडून शेतीकर्ज घेण्यासाठी ती तारण ठेवता येते, हे मात्र अनेकांस ठाऊक नसते. कलम ३६-अ मोडून जमीन बळकावली गेली असल्यास जिल्हाधिकारी अर्जावरून किंवा स्वतःहूनही चौकशी करू शकतात.

वनहक्काचा दावा प्रथम ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे करावयाचा असतो. तेथून तो उपविभागीय आणि मग जिल्हा समितीकडे जातो. ग्रामसभेचा निर्णय मान्य नसल्यास ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते. दावा फेटाळल्याचे कारण लेखी मागून घ्यावे, कारण पुढची दाद त्यावरच अवलंबून असते. पुरावा म्हणून दंडाच्या जुन्या पावत्या, गावातील वडीलधाऱ्यांचे जबाब, उपग्रह छायाचित्रे, तसेच जुनी गॅझेटियर आणि मोजणीचे अहवालही चालतात.

ही शेवटची बाब विशेष नोंद घेण्याजोगी आहे. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खान्देश जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये भिल्ल वसाहतींची, एजन्सींची आणि पलटणीची हकिगत इंग्रज अधिकाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. ती लिहिली गेली प्रशासनाच्या सोयीसाठी. आज ती भिल्लांच्या वंशजांना या रानात आपले वास्तव्य किती जुने आहे, हे सांगण्यास उपयोगी पडू शकते. सातपुड्यातील गावांच्या वनहक्क समित्यांनी ती पाने आपल्या दप्तरी ठेवावीत.